दहाच्या आत

१२ जून २०२४, सकाळी ६.१०

रिटायर होऊन बारा दिवस झाले. आजपासून शिस्त. सहाला उठणे, देवीची टेकरी चढणे, शेव बंद, रोज दोन तास गणित. ही वही कोणाला दाखवायची नाही, म्हणजे खोटं लिहायचं कारण नाही.

सोया फॅक्टरीच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली. एक ट्रक खोटा सोडला नाही. ड्रायव्हर लोक म्हणायचे, उदाजीराव साहेब देवाचंही वजन बरोबर लिहितील. असं डोकं घरी भाजी निवडण्यात घालवायचं म्हणजे पाप. पुस्तक लिहिणार. विषय नंतर.

६.४० : टेकरी उद्यापासून. आज आभाळ आहे.

१५ जून

विषय मिळाला. वैभवीमुळे मिळाला, पण पुस्तकात तिचं नाव घालायची गरज नाही.

पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. काल चहा पिताना म्हणाली, एक अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश असं मिळवत गेलं तर बेरीज थांबतच नाही, वाटेल तेवढी मोठी होते. मी चहाच्या कपात हसलो. शर्ट खराब झाला. अहो, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा लहान! रोज कालच्यापेक्षा लहान भाकरी खाणारा माणूस फुगेल की वाळेल?

तर म्हणे, बाबा, तुकडे दरवेळी निम्मे झाले असते तर बेरीज दोनाच्या पुढे गेली नसती, ती अभिसारी श्रेणी, म्हणजे एका ठिकाणी येऊन ठरणारी. पण हे तुकडे तेवढ्या घाईने लहान होत नाहीत, म्हणून ही अपसारी. अपसारी म्हणजे हाताबाहेर जाणारी. हे कॉलेजात शिकवतात. फी घेऊन.

शिकवतं कोण, तर नेहा मॅडम. धाकट्या पातीच्या घरातली! इथेच सगळं कळलं. देवासला दोन राज्यं होती, आम्ही थोरल्या पातीचे, ते धाकट्या. राज्यं गेली पण अक्कल तेवढीच राहिली.

पुस्तकाचं नाव ठरलं : अनंताला लगाम. आज फक्त नाव. घाई नको.

१८ जून

धारहून स्थळ आलं. दत्ताजीराव, जुनं दरबारी घराणं. मुलगा रणवीर, ट्रॅक्टरची एजन्सी, बोलायला कमी, खायला बरा. त्यांच्याकडे लग्नात व्याह्याला जरीचा फेटा बांधून पहिल्या रांगेत चांदीच्या पायांच्या खुर्चीवर बसवतात. फॅक्टरीत मला एकतीस वर्षं स्टूल होतं, तेही एका पायाने हलणारं.

वैभवीने सरळ नाही म्हटलं. तिला एम.एस्सी.ला पुण्याला जायचंय. फेब्रुवारीत प्रवेश परीक्षा, फॉर्म ऑक्टोबरात भरायचा. पुढे संशोधन करायचंय म्हणे. माझ्या घरात संशोधक असताना बाहेर कशाला जायचं, विचारलं. रडत आत गेली. सौ.चा चेहरा दिवसभर तव्यासारखा.

२० जून, दुपारी

आज जन्मातला सर्वांत हुशार सौदा केला. म्हणजे वैभवीनेच मांडला, बिचारी.

म्हणाली, बाबा, त्या बेरजेवर ठरवू. दसऱ्यापर्यंत तुम्ही स्वतः बेरीज करा. दहाच्या वर गेली तर मी फॉर्म भरणार, पुण्याला जाणार, तुम्ही अडवायचं नाही. दहाच्या आत थांबली तर धारला हो म्हणते, रडणार पण नाही. मी ताबडतोब हो म्हटलं, तिचा विचार फिरायच्या आत. माझी अट : मशीन नाही, मोबाइल नाही, माझ्या वहीतली बेरीजच खरी. ती म्हणाली, चालेल, तुमचा काटा कधी खोटा नसतो.

सौ. म्हणाली, पोरीचं आयुष्य म्हणजे काय पत्त्यांचा डाव आहे? तिला सांगितलं, हे गणित आहे, बायकांनी यात पडू नये. मग लक्षात आलं की समोरची पार्टी पण बायकांतलीच आहे. असो.

२१ जून

नियम घालून घेतला. दशांशानंतर तीन घरं. काट्यावर तेच होतं : टन, आणि पुढे तीन घरं म्हणजे किलो. किलोच्या खाली काय मोजायचं, मुंगीचा घाम? चौथं घर पाच किंवा वर असेल तर एक धरायचा, नाहीतर सोडून द्यायचं. एकतीस वर्षं ह्याच नियमाने ट्रक गेले, कोणाचं पोट दुखलं नाही.

टारगेट : रोज शंभर पदं. म्हणजे दसऱ्यापर्यंत अकरा हजारांवर. हसत हसत.

२९ जून

साठ पदं झाली. रोज नाही, एकूण. भागाकार हाताने करायचा म्हणजे वेळ लागतो. बेरीज ४.६८.

शेव बंद आहे. फक्त पोह्यांवर घेतो. पोह्यांवरची शेव ही शेव नसते.

१४ जुलै

टेकरीचा नवा प्लॅन. गणिती. आज अर्ध्या पायऱ्या चढायच्या, उद्या उरलेल्यांच्या निम्म्या पुढे, परवा त्याच्या निम्म्या पुढे. पुस्तकात प्रस्तावनेला घालता येईल. आज अर्ध्यावर गेलो, तिथे बसलो, चांगला वारा होता. उतरलो.

१५ जुलै

आता उरलेल्यांच्या निम्म्या चढायच्या, पण त्यासाठी आधी कालच्या अर्ध्या परत चढाव्या लागतात हे प्लॅनमध्ये नव्हतं. प्लॅन स्थगित.

२ ऑगस्ट

नेहा मॅडम घरी आली. कोणी बोलावलं? सौ.ने. पोहे पण केले, वर शेव भरपूर. मला विचारलंसुद्धा नाही.

चांगल्या घरातली वाटते, नमस्कार वाकून केला. सांगू लागली : काका, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळून अर्ध्याहून जास्त. पुढची चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. त्यापुढची आठ, परत अर्ध्याहून जास्त. गठ्ठे मोठे करावे लागतात, पण पदं संपत नाहीत, म्हणून गठ्ठेही संपत नाहीत. अर्धा अधिक अर्धा अधिक अर्धा, मग बेरीज थांबणार कशी?

ऐकायला ठीक आहे. ऐकता ऐकता पोह्यांवर आणखी शेव घेतली. मी म्हटलं, ही तुमची गटबाजी झाली, आमच्याकडे एकेक पद सरळ येतं. वैभवी खाली मान घालून हसत होती का रडत होती ते दिसलं नाही. जाताना नेहा म्हणाली, काका, हिच्यासारखी मुलगी मी सहा वर्षांत शिकवली नाही, हिला अडवू नका. मी म्हटलं, पुन्हा या. मनात म्हटलं, येऊ नका.

२५ ऑगस्ट

चारशे पदं. साडेसहाच्या थोडं वर. हळू चाललंय, पण बेरीजसुद्धा हळू चाललीय, म्हणजे मी बरोबर आहे.

दत्ताजीरावांना फोन केला. म्हटलं, मुलगी तयार आहे, फक्त एक तांत्रिक बाब शिल्लक आहे. ते म्हणाले, पत्रिका? म्हटलं, नाही, श्रेणी. ते बरं म्हणाले.

१७ सप्टेंबर

चमत्कार! सहाशे सदुसष्टाव्या पदापासून प्रत्येक पद ०.००१ येतंय. भागाकारच नको! लिहा आणि पुढे व्हा. आजच्या एका दिवसात तीनशे पदं. हात असा सुटलाय की सौ. म्हणाली, इतकं मन लावून कधी नवरात्राचा पाठ केला नाहीत.

२४ सप्टेंबर, सकाळी ११.२०

ही वेळ नोंदवून ठेवतो. इतिहासाला लागेल.

दोन हजारावं पद : ०.०००५. नियमाप्रमाणे पाच आला म्हणून एक धरला, मन मोठं ठेवून. दोन हजार एकावं पद : ०.०००४ आणि पुढे काहीतरी. म्हणजे शून्य. त्यापुढचं शून्य. त्यापुढचं शून्य. पन्नास पदं तपासली. सगळी शून्य. बेरीज साडेआठच्या आतच ठप्प.

अनंताला लगाम लागला! देवासात, माझ्या जेवणाच्या टेबलावर!

वैभवीला अजून सांगितलं नाही. दसऱ्याला सांगणार. धारची मंडळी पण त्या दिवशी येतायत, त्यांच्यासमोर. सोनं वाटून झालं की मी उभा राहीन. सौ.ला फक्त सांगितलं, श्रीखंड जास्त कर.

५ ऑक्टोबर

नवरात्रात टेकरीवर गर्दी फार. शिस्तीच्या माणसाने गर्दीत जाऊ नये.

पोरगी पहाटे उठून अभ्यास करते. फॉर्मची तारीख सोळा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोळाला गोल केलाय, लाल पेनाने. माझ्याकडे बघते, पुन्हा पुस्तकात मान घालते. वाईट वाटलं. पण धारला ट्रॅक्टर आहेत, बंगला आहे, गणिताची गरज नाही. सुखी होईल.

९ ऑक्टोबर, दुपारी १

अर्पितच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. विचार असा की बेरीज टाइप करून छान छापावी, दसऱ्याला आपट्याच्या पानाबरोबर एकेक प्रत धारकरांच्या हातात द्यावी. अर्पित म्हणाला, काकासाब, इतना टाइप काहे को, एक्सेल में डाल देते हैं, एक मिनट का काम है. त्याने दोन आकडे लिहिले, माउस धरून खाली ओढला, आकडे पावसासारखे पडायला लागले. मी म्हटलं, दोन हजारावर थांब. तो म्हणाला, रुकिए तो भिया, अभी चल रहा है. काकासाबचा भिया, म्हणजे भाऊ झाला, एवढा तल्लीन.

मग म्हणाला, लो, दस पार. बारा हजार तीनशे सदुसष्टाव्या पदाला.

मी म्हटलं, मशीन खराब आहे. त्याने दोन हजार एकाव्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. ०.०००४९९७५. मशीन ते सोडत नाही. मी सोडलं होतं. तेवढंच. मग पुढची दहा हजार पदं, एकेक मुंगीएवढं, पण दहा हजार मुंग्या. मला काटा कळतो. एका ट्रकवर एक मूठ सोया जास्त असला तर कोणी बघत नाही, दहा हजार ट्रकांवर मुठी जमल्या की अख्खं गोदाम होतं, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो.

वैभवी बरोबर आहे. नेहा बरोबर आहे. मी चूक आहे.

लिहिलं. वाचणार कोण आहे.

अर्पितने ते पान छापून दिलं, शिवाय दहा पार झालेल्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. म्हणाला, काकासाब, आपकी बेटी मैथ्स वाली है ना, उसको दिखाना, खुश हो जाएगी. कागद घडी करून वहीत ठेवला, वही कपाटात.

१० ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. अट काय होती? मशीन नाही, मोबाइल नाही, माझ्या वहीतली बेरीजच खरी. अर्पितचं एक्सेल हे मशीन आहे. म्हणजे अटीप्रमाणे मी त्याकडे बघूच शकत नाही. बघितलं ही चूक झाली, पण चुकीचा फायदा कोणाला मिळू नये. कोर्टातसुद्धा असंच असतं.

शिवाय दत्ताजीरावांनी तीन गाड्या ठरवल्यात. फेटेवाल्याला सांगितलंय. माझ्या डोक्याचं माप पण विचारलं.

दसऱ्यानंतर सांगेन वैभवीला. शांतपणे, एखाद्या रविवारी.

१२ ऑक्टोबर, दसरा, संध्याकाळी

जिंकलो.

धारहून अकरा जण आले. सोनं वाटून झालं, श्रीखंड झालं. मी उभा राहून वही उघडली आणि दोन हजारावं पद वाचून दाखवलं. म्हटलं, इथे श्रेणी थांबते, दहाच्या आत. दत्ताजीरावांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. रणवीरने पण, तो मोबाइलवर काहीतरी बघत होता.

वैभवीने वही हातात घेतली नाही. माझ्याकडे बघत विचारलं, बाबा, नक्की? म्हटलं, नक्की. पुन्हा विचारलं, पुढे काही नाही? म्हटलं, पुढे शून्य. तिसऱ्यांदा विचारलं, शब्द? सगळे बघत होते. म्हटलं, शब्द. मग तिने वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांना पाणी आणायला गेली. वाद नाही, रडणं नाही. संस्कार. सौ. मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

मला वाटलं होतं वही मागेल, चौथं घर कुठे गेलं म्हणून विचारेल. त्याच्यासाठी उत्तर तयार केलं होतं. फुकट गेलं.

१६ ऑक्टोबर, रात्री

आज तारीख. वैभवी सकाळपासून माझ्या आसपास. आधी चहा दिला, मग उगीच पेपर आणून दिला, मग समोर बसून राहिली. मी पेपर वाचला, जाहिरातींसकट. मग हाटपिपल्याला मित्राकडे निघून गेलो. संध्याकाळपर्यंत तिकडेच बसलो. परत आलो तेव्हा कॅलेंडरचं पान उलटलेलं होतं, महिना संपायला पंधरा दिवस असताना.

सांगायचं राहून गेलं. आज रविवार नव्हता.

२८ नोव्हेंबर

लग्न उत्तम झालं. फेटा जरीचा. खुर्ची चांदीची नव्हती, चंदेरी रंगाची होती, पण पहिल्या रांगेत. पाठवणीला सौ. रडली, मी रडलो, वैभवी नाही. बोलली होती तसं केलं, रडली नाही. नेहा आली होती, जेवली नाही.

२० डिसेंबर

टेकरी पुन्हा सुरू करायची आहे. पुस्तकाचं काम थंडी कमी झाल्यावर. घरात फार शांतता. सौ. माझ्याशी कामापुरतं बोलते. तिला विचारलं, काय झालं. म्हणाली, काही नाही, शून्य.

१४ जानेवारी २०२५, धार आणि परत

वैभवीची पहिली संक्रांत. सौ.ला ताप, म्हणून एकटा गेलो. हलव्याचे दागिने, तिळगूळ, काळी साडी घेऊन. पोरगी फार छान दिसत होती त्या दागिन्यांत. सासूने मला बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर बसवलं, दत्ताजीरावांनी पाहुण्यांना सांगितलं, हे आमचे व्याही, गणिती. दोन बायकांनी कौतुकाने बघितलं. बरं वाटलं.

मग वैभवीने आत बोलावलं, चहासाठी. स्वयंपाकघरात दोघंच होतो. मी विचारलं, परीक्षेचा अभ्यास चालू आहे ना बी.एस्सी.चा? म्हणाली, पुस्तकं माळ्यावर आहेत, इथे दिवस जातो. मग चहा गाळता गाळता म्हणाली, दसऱ्याच्या दोन दिवस आधी तुमचा चष्मा काढायला कपाट उघडलं तेव्हा वहीत तो कागद पाहिला. बारा हजार तीनशे सदुसष्ट. रेघ मारलेला. तसाच घडी करून ठेवला परत.

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस, सगळ्यांसमोर दाखवायचा होतास. म्हणाली, उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं बाबा. मी त्यासाठी सौदा केलाच नव्हता. मला वाटलं, स्वतः मोजाल, तुम्हाला दिसेल, आणि तुम्ही स्वतःहून म्हणाल, जा. फॉर्म भरून ठेवला होता, फक्त पाठवायचा होता. सोळा तारखेला संध्याकाळपर्यंत थांबले.

मी सांगायला लागलो की अट मशीनची होती, आणि तीन गाड्या, आणि सोळाला रविवार नव्हता. तिने ऐकून घेतलं सगळं. आवाज चढवला नाही. हातावर तिळगूळ ठेवला, पदर सावरला आणि म्हणाली, पुढच्या सणाला आईला पाठवा. तुम्ही येऊ नका.

बाहेर दत्ताजीराव म्हणाले, बसा की, गणित सांगा काहीतरी पाहुण्यांना. बस आहे म्हटलं. बस दीड तासाने होती. स्टँडवर बसून राहिलो. तिळगूळ हातातच चिकट झाला.

घरी सौ. पांघरूण घेऊन पडली होती. उठून बसली, म्हणाली, कशी आहे पोरगी. सांगितलं, मजेत आहे, हलव्यात छान दिसत होती. पुढच्या वेळी तू एकटीच जा, माझे गुडघे दुखतात.